नाव सोन्याचं, काम लोखंडाचं

फर्स्ट इयरची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स आठवतात का? ब्रँच कुठलीही असो, मेकॅनिकल, सिव्हिल नाहीतर कॉम्प्युटर, एका प्रयोगातून कुणाचीच सुटका झालेली नाही. पाण्याचा हार्डनेस काढणे! ब्युरेटमध्ये ईडीटीए, खाली फ्लास्कमध्ये नळाचं पाणी, त्यात एरिओक्रोम ब्लॅक-टीचे दोन थेंब. लालसर रंग जाऊन निळा आला की थांबायचं. (आपल्यापैकी निम्मे जण त्याआधीच थांबायचे, शेजारच्याचं रीडिंग विचारायला. ते जाऊ द्या.) जर्नलवर सही झाली की केमिस्ट्रीला रामराम!

त्या प्रयोगातला ईडीटीए हा एक लिगँड. लिगँड म्हणजे धातूच्या अणूला किंवा आयनला आपले इलेक्ट्रॉन देऊन चिकटणारा रेणू, आणि दोघांचं मिळून जे तयार होतं ते काँप्लेक्स. ईडीटीए खेकड्यासारखा सहा ठिकाणी कॅल्शियमला पकडतो आणि गप्प बसतो. बहुतेकांच्या मनात लिगँडचं हेच चित्र कायमचं राहतं. धातू म्हणजे मधोमध बसलेला राजा आणि लिगँड म्हणजे भोवती चवऱ्या ढाळणारे हुजरे. काम करायचं ते राजाने.

माझं म्हणणं असं की हे चित्र अर्धवट आहे, आणि अर्धवट चित्रावर आपण परीक्षा देतो, मार्क मिळवतो आणि उद्या कारखाने चालवायला निघतो. हे मी पुस्तक वाचून म्हणत नाही. दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत सहा आठवडे एका संशोधन संस्थेच्या लॅबमध्ये काढले, तिथे तोंडावर आपटले, म्हणून म्हणते आहे.

त्या लॅबमध्ये एक ताई पीएचडी करत होत्या. (पहिल्या आठवड्यात 'अहो ताई', दुसऱ्या आठवड्यापासून 'अगं ताई'. लॅबमध्ये एकत्र भांडी घासली की माणसं जवळ येतात.) ती सोन्याचं एक काँप्लेक्स बनवत होती. सोनं म्हटल्यावर माझे डोळे चमकले! प्रत्यक्षात बाटलीत होती एक पांढरी पावडर, आणि तिला असा वास की नाक मुठीत धरावं. सोन्याच्या क्लोराइडला डायमिथाइल सल्फाइड जोडलेलं असतं, त्याचा तो वास. शेवटची स्टेप ताईने मला करू दिली. चांदीचा भाग असलेलं मिश्रण उजेडाने खराब होतं म्हणून फ्लास्कला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळायची, ढवळत ठेवायचं, गाळायचं. हातात आली पिवळसर नारिंगी पावडर.

मग आम्ही तिची सायक्लिक व्होल्टॅमेट्री केली. प्रकार सोपा आहे. द्रावणात तीन इलेक्ट्रोड बुडवायचे, व्होल्टेज हळूहळू वाढवत न्यायचं, मग तसंच परत आणायचं, आणि किती करंट वाहतो ते बघायचं. रेणूने इलेक्ट्रॉन सोडला की आलेखावर एक उंचवटा येतो, परतीच्या वाटेवर तो परत घेतला की खाली दुसरा. दोन्ही मिळून आलेख थेट बदकासारखा दिसतो. एक इलेक्ट्रॉन सहजपणे जात-येत असेल तर २५ अंश सेल्सिअसला या दोन टोकांमधलं अंतर थिअरीप्रमाणे साधारण ५९ मिलिव्होल्ट. प्रत्यक्षात थोडं जास्त येतं.

आमचं बदक झकास आलं. मी उत्साहाने म्हणाले, "ताई, सोन्याने इलेक्ट्रॉन सोडला!"

ताई हसायला लागली. "सोनं नाही गं. लोखंड!"

लोखंड? लोखंड कुठून आलं मध्येच? तर ते लिगँडमध्ये होतं. लिगँडच्या शेपटाला एक फेरोसीन जोडलेलं होतं. पाच-पाच कार्बनच्या दोन कड्या आणि मधे लोखंडाचा अणू, सँडविचसारखा. १९५१ मध्ये सापडलेला हा रेणू. त्याची सँडविचसारखी रचना पुढच्या वर्षी उलगडली. अर्न्स्ट ऑटो फिशर आणि जेफ्री विल्किन्सन यांना या प्रकारच्या रसायनशास्त्रासाठी १९७३ चं नोबेल मिळालं. फेरोसीन एक इलेक्ट्रॉन इतक्या सहज सोडतं आणि परत घेतं की जगभरचे लोक आपापले व्होल्टेज त्याच्या तुलनेत मोजतात. पिवळं-नारिंगी फेरोसीन इलेक्ट्रॉन गेला की निळसर हिरवं होतं. म्हणजे सोनं बसलं होतं जागच्या जागी, आणि देवघेव चालली होती ती लिगँडमध्ये! 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण ऐकली होती. इथे नाव सोन्याचं आणि काम लोखंडाचं.

आता या लिगँडचा सोन्याला धरणारा हात कोणता, ते सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे. तो हात म्हणजे कार्बीन. कार्बनचे चार बंध असतात हे आपण आठवीपासून घोकतो. कार्बीनमधल्या कार्बनचे मात्र दोनच शेजारी, आणि उरलेले दोन इलेक्ट्रॉन जोडीने नुसते बसलेले. बाहेरच्या कक्षेत आठऐवजी सहाच. असा भुकेला कार्बन मिळेल त्याच्यावर तुटून पडणार, हे उघड आहे. फ्रान्समध्ये द्युमा यांनी १८३५ मध्येच मिथेनॉलमधून पाणी काढून घेऊन साधं कार्बीन मिळवायचा प्रयत्न केला होता. जमलं नाही. १९६० च्या दशकात बर्लिनमध्ये वान्झलिक हात धुऊन मागे लागले. कार्बनच्या दोन्ही बाजूंना नायट्रोजन बसवला तर ते आपले इलेक्ट्रॉन उसने देतील आणि कार्बन शांत होईल, हा त्यांचा हिशोब. हिशोब बरोबर होता, पण मोकळं कार्बीन हातात येण्याऐवजी दोन कार्बीनं एकमेकांना चिकटून बसायची. १९६८ मध्ये त्यांनी आणि स्वतंत्रपणे ओफेले यांनी अशी कार्बीनं धातूला जोडून दाखवली. एकाने पाऱ्याला, दुसऱ्याने क्रोमियमला.

मोकळं कार्बीन १९८८ मध्ये बर्ट्रांड यांनी मिळवलं. त्यात आधाराला फॉस्फरस आणि सिलिकॉन होते. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत अर्डुएंगो यांनी दोन नायट्रोजनांच्या कडीतलं कार्बीन चक्क स्फटिकरूपात बाटलीत भरून ठेवलं. नायट्रोजनांवर अॅडमँटेनचे दोन जाडजूड गट बसवले, म्हणजे दुसरं कार्बीन जवळच येऊ शकत नाही. हवा आणि ओलावा लागू दिला नाही तर ते टिकतं आणि २४० अंश सेल्सिअसला वितळतं, तेही न बिघडता! जी गोष्ट क्षणभर टिकत नाही असं पुस्तकं सांगत होती ती आता बाटलीवर लेबल लावून कपाटात. लक्षात घ्या, हे एका कंपनीत घडलं.

पुढे या कार्बीनांनी धुमाकूळ घातला. १९९९ मध्ये रुथेनियमच्या प्रसिद्ध ग्रब्ज उत्प्रेरकातला एक फॉस्फीन काढून तिथे कार्बीन बसवलं आणि उत्प्रेरक कितीतरी जोमदार झाला. ग्रब्ज, श्रॉक आणि शोव्हां यांना मेटाथेसिससाठी २००५ चं नोबेल मिळालं. कारण साधं. कार्बीन धातूकडे इलेक्ट्रॉन जोरात ढकलतं.

"जोरात म्हणजे किती?" हा प्रश्न इंजिनिअरला पडायलाच हवा. मोजायची युक्ती सुंदर आहे. धातूला लिगँडबरोबर कार्बन मोनॉक्साइडही जोडायचा आणि इन्फ्रारेडमध्ये त्याचं कंपन बघायचं. मोकळ्या कार्बन मोनॉक्साइडचा आकडा २१४३. धातूकडे इलेक्ट्रॉन जास्त झाले की तो थोडे कार्बन मोनॉक्साइडच्या बंधात कोंबतो, बंध सैल होतो आणि आकडा खाली येतो. निकेलला जोडलेल्या लिगँडांची अशी यादी ड्यूपाँटच्याच टोलमन यांनी १९७७ मध्ये मांडली. फॉस्फीनमधला तगडा गडी, तीन ब्युटाइल गटांचा, त्याचा आकडा २०५६. नेहमीच्या वापरातल्या आयमेस नावाच्या कार्बीनचा २०५१ च्या आसपास. पाच आकड्यांचा फरक फालतू वाटेल, पण या यादीत तो मोठा आहे.

आता दोन गोष्टी एकत्र करा. कार्बीन हा धातूवरचा नळ आहे, त्यातून इलेक्ट्रॉन धातूकडे वाहतात. आणि त्या कार्बीनला फेरोसीनसारखी वस्तू जोडली तर तो नळ बाहेरून कमी-जास्त करता येतो! फेरोसीनचा इलेक्ट्रॉन काढा, त्यावर धन भार येतो, तो कार्बीनकडून ओढायला लागतो, कार्बीन धातूला कमी देतं, कार्बन मोनॉक्साइडचा आकडा वर सरकतो. इलेक्ट्रॉन परत द्या, आकडा परत खाली. धातू तोच, जागा तीच. फक्त शेजाऱ्याची तब्येत बदलली. यालाच रेडॉक्स-सक्रिय कार्बीन लिगँड म्हणायचं.

अमेरिकेत टेक्सासमध्ये बिएलॉव्स्की यांच्या गटाने २००६ मध्ये फेरोसीनऐवजी नॅप्थोक्विनोन जोडून हेच केलं. क्विनोन उलट्या स्वभावाचं, ते इलेक्ट्रॉन घेतं. २०१० मध्ये त्यांनी असं कार्बीन निकेलवर बसवलं आणि दोन कार्बन जोडणारी कुमाडा अभिक्रिया चालू केली. मधेच कोबाल्टोसीन घालून क्विनोनला इलेक्ट्रॉन दिला, अभिक्रिया जवळजवळ थांबली. फेरोसीनियम घालून तो काढून घेतला, गाडी पुन्हा चालू! सोन्याचं उदाहरणही आहे. जर्मनीत बिप्रजित सरकार यांच्या गटाने फेरोसीनवाल्या ट्रायझोलच्या कार्बीनवर सोनं बसवलं. अशी सोन्याची क्लोराइडं स्वतःहून फारसं काम करत नाहीत. क्लोराइड काढायला सहसा चांदीचा क्षार घालावा लागतो. इथे चांदी न घालता, नुसता फेरोसीनचा इलेक्ट्रॉन काढून सोन्याला कामाला लावलं. ताईचा रेणू याच घराण्यातला.

इथवर निदान एक गोष्ट स्पष्ट आहे, इलेक्ट्रॉन फेरोसीनच्या लोखंडाने दिला. पण दुसरा प्रकार याहून अडचणीचा आहे. बर्ट्रांड यांनी २००५ मध्ये कडीतला एक नायट्रोजन काढून तिथे साधा कार्बन बसवला. या कार्बीनाला शेपूट जोडावं लागत नाही, त्याचा कार्बीन-कार्बन स्वतःच इलेक्ट्रॉन घेऊ शकतो. २०१३ मध्ये जर्मनीत ग्योटिंगेनला रोस्की यांच्या गटाने अशी दोन कार्बीनं आणि मधे जस्ताचा एक अणू असा रेणू बनवला. आपल्याला ठाऊक असलेलं जस्त म्हणजे +२, पत्र्यावर गॅल्व्हनायझिंगला लावायचं, विषय संपला. इथे कागदावर हिशोब केला तर जस्त 'शून्य' येतं. पण त्या रेणूतले दोन इलेक्ट्रॉन जस्तावर गोळा होऊन बसलेले नाहीत, ते दोन्ही बाजूंच्या कार्बीनांपर्यंत वाटले गेले आहेत. मग जस्ताचा ऑक्सिडेशन नंबर किती म्हणायचा? शून्य? दोन? खरं उत्तर असं की ऑक्सिडेशन नंबर ही हिशोबाची सोय आहे. बंधातले दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच्या खात्यावर टाकायचे असा आपण केलेला नियम. नियम उपयोगी आहे, पण निसर्गाने त्यावर सही केलेली नाही.

डेन्मार्कचे यॉर्गेनसेन यांनी १९६६ मध्येच लिगँडांची 'निरागस' आणि 'निरागस नसलेले' अशी फोड केली होती. लिगँड निरागस असेल तर धातूचा नंबर छातीठोकपणे सांगता येतो, नसेल तर नाही. म्हणजे हे ज्ञान साठ वर्षांचं आहे. आणि निसर्गाला तर त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. गॅलॅक्टोज ऑक्सिडेज नावाचं एक एन्झाइम आहे. अल्कोहोलचं अल्डिहाइड करायला त्याला दोन इलेक्ट्रॉन काढावे लागतात. त्याच्याकडे तांब्याचा एकच अणू, आणि तो घेतो एक. दुसरा कोण घेतं? तांब्याला चिकटलेलं टायरोसिन, म्हणजे लिगँड! एकट्या तांब्याला न झेपणारं काम दोघांनी वाटून घेतलं.

आता "हे सगळं आम्हाला कशाला?" असं विचारणाऱ्यांसाठी. पेट्रोकेमिकल असो की औषधं, उत्प्रेरकाशिवाय कारखाना हलत नाही, आणि त्यातले खास उत्प्रेरक रोडियम, पॅलेडियम, प्लॅटिनम असल्या धातूंचे असतात. मार्च २०२१ मध्ये रोडियमचा भाव औंसाला २८ हजार डॉलरच्या वर गेला होता. शिवाय औषधात हे धातू उरलेले चालत नाहीत. तोंडाने घ्यायच्या औषधात पॅलेडियमची मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम. हे धातू महाग का वाटूनही वापरतो आपण? कारण ते एका दमात दोन इलेक्ट्रॉनांची देवघेव करतात. लोखंड, कोबाल्ट, निकेल यांना बहुतेक वेळा एकेकच जमतो. पण लिगँडने एक उचलला तर? चिरिक आणि वीघार्ट यांनी २०१० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात नेमकी हीच बाजू मांडली होती, की इलेक्ट्रॉन धरून ठेवणारे लिगँड मिळाले तर साधे धातूही खानदानी धातूंसारखं काम करू शकतात. त्यांचे लिगँड कार्बीन नव्हते, पण मुद्दा तोच. लिगँडला हुजऱ्या समजत राहिलो तर आपण कायम राजाच विकत घेत बसणार!

आता दुसरी बाजू सांगते, नाहीतर हा लेख म्हणजे जाहिरात होईल. स्विचवाले उत्प्रेरक मला आवडतात, पण केमिकल इंजिनिअर म्हणून त्यांच्यावर माझा लगेच विश्वास बसत नाही. बिएलॉव्स्कींच्या प्रयोगात स्विच दाबणं म्हणजे काय? एकदा कोबाल्टोसीन टाका, एकदा फेरोसीनियम टाका. फ्लास्कमध्ये ठीक आहे. पण दर वेळी बटण दाबलं की वापरलेल्या बटणाचा कचरा द्रावणातच उरतो. पाच हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये हे कोण वेगळं करणार? घरातला दिवा लावताना दर वेळी नवं बटण विकत आणून जुनं हॉलमध्येच टाकून द्यायचं, तसं झालं हे. शिवाय कार्बीन बनवायला पाच-सहा स्टेप्स, प्रत्येक स्टेपला थोडा माल गळणार. कधी कधी लिगँडच धातूपेक्षा महाग पडत असेल. बटणाची जागा इलेक्ट्रोडने घ्यायला हवी, म्हणजे इलेक्ट्रॉन थेट तारेतून येईल आणि कचरा राहणार नाही. पण मोठ्या टाकीत सगळ्या द्रावणाला इलेक्ट्रोडचा स्पर्श कसा घडवायचा, विद्राव्य कोरडा कसा ठेवायचा, करंट कसा वाटायचा? हे प्रश्न केमिस्टचे नाहीत हो, आपले आहेत! मास ट्रान्सफर, रिअॅक्टर डिझाइन, पंपिंग, कंट्रोल. पण हे प्रश्न आहेत हेच आपल्याला कळत नाही, कारण आपली केमिस्ट्री ईडीटीएवर संपलेली असते.

संपलेली म्हणजे कशी, त्याचा किस्सा सांगते. सुट्टीनंतर प्रशिक्षणाच्या अहवालाची तोंडी परीक्षा झाली. एक्स्टर्नलनी अहवाल चाळला आणि विचारलं,

"यात सोन्याचा ऑक्सिडेशन नंबर किती?"

"एक, सर."

"आणि ऑक्सिडेशन केल्यावर?"

"एकच, सर."

"ऑक्सिडेशन केलं आणि नंबर बदलला नाही? मग ऑक्सिडेशन झालं कुणाचं?"

"लिगँडचं, सर. त्यातल्या फेरोसीनचं."

"लिगँडचं ऑक्सिडेशन होत नसतं. नेक्स्ट क्वेश्चन."

पंचवीसपैकी बारा! त्या दिवशी कँटीनमध्ये मी कटिंगवर कटिंग रिचवत भरपूर चिडचिड केली. आता राग गेला. सरांनी त्यांना जे शिकवलं गेलं तेच मला विचारलं. मीही तीन महिन्यांपूर्वी हेच उत्तर दिलं असतं, किंबहुना दिलंच होतं. फरक इतकाच की माझी चूक दाखवायला समोर एक बदक होतं आणि एक ताई होती. सरांसमोर होता माझा स्पायरल बाइंडिंग केलेला अहवाल, त्यातला आलेखही झेरॉक्समध्ये काळा झालेला.

आणि त्या अहवालाबद्दल आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. त्याचा पहिला मसुदा मी ताईला दाखवला होता. पहिलंच वाक्य होतं, 'मी सोन्याचे एक नवीन संयुग तयार केले.' ताईने सगळा मसुदा वाचला. व्होल्टॅमेट्रीमध्ये एक सुधारणा सांगितली. फेरोसीनवाल्या रेणूला तुलनेसाठी पुन्हा फेरोसीनच घातलं तर दोघांची गल्लत होते, म्हणून आम्ही डेकामिथाइलफेरोसीन वापरलं होतं, ते मी लिहायला विसरले होते. बाकी काही बोलली नाही. फक्त पहिल्या वाक्यातल्या 'मी' भोवती पेन्सिलने एक गोल काढला आणि कागद परत दिला.

तो लिगँड बनवायला तिला चार महिने लागले होते. मी शेवटची एक स्टेप केली होती, तीही फॉइल गुंडाळून. मान खाली घालून वाक्य बदललं. पण तेव्हापासून सवय लागली आहे. आमच्या चौघांच्या मिनी प्रोजेक्टमध्येही प्रेझेंटेशन देणाऱ्याचं नाव सगळ्यांच्या लक्षात राहतं, आणि रात्री दोन वाजता रीडिंग घेणाऱ्याचं फक्त 'अँड ग्रुप' होतं. हिशोबाच्या सोयीसाठी आपण सगळे इलेक्ट्रॉन एकाच्या खात्यावर टाकतो. सोय म्हणून ठीक आहे. तेच खरं मानायला लागलो की गडबड होते.

टीका करून थांबायचं नाही, म्हणून माझी मागणी सांगते. सिलॅबस बदला वगैरे म्हणत नाही, तो बदलेपर्यंत आपण सगळे पास आउट होऊ. फक्त एक प्रयोग वाढवा. आपल्या कोरोजन लॅबमध्ये एक पोटेन्शिओस्टॅट आहे. गंज किती वेगाने चढतो ते काढायला आणलेला. प्लॅस्टिकच्या कव्हराखाली तो इतका निवांत असतो की त्याच्यावरच गंज चढेल. त्याच मशीनवर फेरोसीनची सायक्लिक व्होल्टॅमेट्री होते. फेरोसीन साध्या हवेत टिकतं, चिमूटभर पुरतं. कार्बीन आपल्याला बनवता येणार नाही, ते मान्य. पण इलेक्ट्रॉन जातो आणि परत येतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं वाचायला भीती वाटत नाही. आणि वाचायला लांब जायलाही नको. पवईच्या आयआयटीत नायट्रोजनच्या कडीतल्या कार्बीनांच्या धातू-काँप्लेक्सवर वर्षानुवर्षं काम झालेलं आहे, कोलकात्याच्या आयसरमध्येही कार्बीनांवर आणि इलेक्ट्रॉन साठवणाऱ्या लिगँडांवर काम होतं. तिथे प्रोजेक्टला जाणारी मुलं फक्त एमएस्सीचीच का असावीत?

ईडीटीएचा प्रयोग काढून टाका असं मी मुळीच म्हणत नाही. पाण्याचा हार्डनेस कळायलाच हवा. फक्त त्याच्या शेवटी मुलांना एक वाक्य सांगावं, की बाबांनो, हा लिगँड गरीब आहे, सगळे असे नसतात.

लॅब उघडण्यासाठीचा अर्ज विभागप्रमुखांकडे दिला आहे. सरांनी तोंडभर हसून "बघू" म्हटलं आहे. या 'बघू'चा अर्थ आपल्याला चांगला माहीत आहे, म्हणून अर्जावर सह्या गोळा करते आहे. आतापर्यंत अकरा झाल्यात, त्यातल्या चार मेकॅनिकलच्या. (त्यांना बदक बघायचं आहे.) सही करायची असेल तर दुपारच्या सुट्टीत कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर भेटा. अर्जाच्या खाली सगळ्यांची नावं येतील, एकही 'अँड ग्रुप' नाही.

(तृतीय वर्ष, केमिकल)